शेपटावरचा पांढरा बाण

ज्या माणसानं मला आठवीत गणितात नापास केलं, त्याच माणसानं पुढं मला आपली मुलगी दिली. ते माझे मामा, आईचे सख्खे भाऊ. आमच्या तंजावुराकडं मामाची मुलगी करायची जुनी रीत आहे, तेव्हां त्यांना सुटका नव्हती. लग्नात ते पाहुण्यांना सांगत होते, "गणित चुकलं की उत्तर असंच येतं." लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, कारण मला वाटलं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत.

माझी शाळा आठवीतच सुटली. आता गावात कीळवासल भागाजवळ दुकान आहे. लग्नपत्रिका, कार्डं, गाड्यांचे स्टिकर. पत्रिका मी स्क्रीनवर छापतो, म्हणजे जाळीची चौकट कागदावर ठेवायची आणि रबरी पट्टीनं शाई ओढायची. जाळी जिथं उघडी, तिथं शाई खाली उतरते. मराठी अक्षरंसुद्धा मला पत्रिकांनीच शिकवली. आमच्या तंजावुरी मराठी लोकांतली चार घरं अजून हट्टानं मराठीत पत्रिका काढतात. त्यामुळं मला 'चि. सौ. कां.' न चुकता लिहिता येतं, पण किराणा सामानाची यादी करायची तर मी तमिळमध्ये करतो.

मामांना निवृत्त झाल्यावर विमानांचं वेड लागलं. प्लास्टिकची, वीतभर लांबीची विमानं. डब्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. तीही फक्त जपानची, महायुद्धातली, लढाऊ. ओसरीवर काचेचं कपाट करून त्यात ओळीनं मांडलेली. नवरात्रात इथं घरोघरी बाहुल्यांचा कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर. मी म्हणायचो, मामांचा कोलू बारा महिने, फक्त प्रसादाचं चण्याचं सुंडल तेवढं मिळत नाही.

जपानचीच का, ह्याला कारण माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील. ते तरुणपणी मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. तिथं युद्ध आलं. एक दिवस ते मळ्यातल्या वाटेनं सायकलवर चालले होते, तर झाडांच्या शेंड्यांना घासेल एवढ्या खालून एक विमान आलं. आजोबांनी सायकल टाकली, बाजूच्या गटारात पडले आणि मान वळवून वर बघितलं. पंखांवर लाल गोळे. आणि शेपटावर एक बाण रंगवलेला, पांढरा, तिरपा. "एवढा बाण!" म्हणून ते दोन्ही हात पसरायचे.

आणि आम्ही हसायचो. विमानाला बाण कशाला? वर कोण बसलं होतं, अर्जुन? मामा तर तोंडावर सांगायचे, "आप्पा, विमानाला बाण नसतो." घरात कुणी थाप मारली की सगळे म्हणायचे, "आलं बाणाचं विमान." दूधवाला म्हणाला उद्यापासून पाणी घालणार नाही, बाणाचं विमान. ह्या कामात माझी खास कामगिरी होती. घरात लग्नकार्य निघालं की मी चड्डीत मागं खराट्याची काडी खोचायचो, हात पसरून सगळ्या खोल्यांतून घोंघावत पळायचो आणि आजोबांच्या आवाजात ओरडायचो, "पांढरा! पांढरा!" बायका पोट धरून हसायच्या. आजोबाही हसायचे. ते हसतायत म्हणजे त्यांना आवडतंय, असं मला वाटायचं.

आजोबा गेले. मग पुष्कळ वर्षांनी मामांना फोनवर कुठून तरी एक जुना फोटो दिसला. मलायातला विमानतळ, जपानी विमानांची रांग, आणि त्या अस्क्या, म्हणजे सगळ्याच, विमानांच्या शेपटांवर तिरपा बाण. मामा भर दुपारी चालत माझ्या दुकानात आले. फोन माझ्यापुढं धरला.

"बघ."

मी बघितलं. आता शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प राहावं. मी म्हटलं, "कुणी नंतर चिकटवला असेल मामा. आजकाल फोटोत काहीही करता येतं. मीच परवा एका नवऱ्यामुलाला केस लावून दिले."

मामांनी फोन खिशात घातला आणि आले तसे उन्हातून परत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला बायकोनं सांगितलं. का जेवले नाहीत, हेही तिनंच सांगितलं.

मग त्यांनी ते विमान करायला घेतलं. "हायाबुसा म्हणतात ह्याला," मला म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे, गावातल्या निम्म्या मोपेडांवर हे नाव मीच कापून चिकटवलंय. "अर्थ काय त्याचा?" मी म्हटलं, "फास्ट." मामांनी डोळे मिटले. "ससाणा," म्हणाले. "बहिरी ससाणा."

विमानावरचे गोळे, आकडे, बाण हे हातानं रंगवत नाहीत. त्याचे डिकॅल येतात. खास कागदावर छापलेलं चित्र असतं. कागद पाण्यात बुडवला की चित्र सायीसारखं सुटतं, मग ते सरकवत विमानावर न्यायचं. प्रत्येक डब्यात डिकॅल असतातच, पण मामांच्या डब्यातले दुसऱ्याच पलटणीचे होते, त्यात बाण नव्हता. अशा वेळी वेगळे डिकॅल मागवावे लागतात. जगात काही छांदिष्ट लोक नुसते तेवढेच छापून विकतात. बाणवाले डिकॅल छापणाऱ्यानं दुकान बंद केलं होतं. मामांनी वर्षभर हुडकून बेंगळुरातल्या एका म्हाताऱ्याकडून एकच उरलेला कागद मिळवला.

आणि मामांना घाई होती. त्यांचे हात कापायला लागले होते. आधी काप्पीचा पेला डवऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, वाजायचा. मग सही बदलली, बँकेतली मुलगी म्हणाली, तात्ता, म्हणजे आजोबा, ही तुमची सही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खरं ते सांगून टाकलं, की हे वाढत जाणार. मामा मला म्हणाले, "बाकीची विमानं कुणीही करील. हे मला माझ्या हातानं पुरं करायचंय. आप्पांना मी तोंडानं खोटं ठरवलं. आता तोंडानं माफी मागून काय, ऐकायला आहे कोण? हात चालतायत तोवर बाण लावतो."

एवढं बोलून त्यांनी ते केलं जे त्यांनी करायला नको होतं. तो कागद माझ्या हातात दिला. "स्कॅन करून ठेव," म्हणाले. "माझ्या हातून बिघडला तर निदान नक्कल असू दे."

त्यांच्या हातून बिघडला असता तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यात रीत आहे. नव्या कामाच्या पहिल्या कागदाला चारी कोपऱ्यांना ओली हळद लावायची आणि देवाच्या फोटोपुढं ठेवायचा. हळद नसलेली पत्रिका इथं कुणी हातात धरत नाही. माझा हात हे काम तीस वर्षं करतोय, आता तो डोक्याला विचारत नाही. स्कॅन झालं. मी म्हटलं, मामांच्या जन्माचं काम, हे तर पत्रिकेहून मोठं. वाटीत हळद कालवली, चांगली पातळ, आणि चारी कोपऱ्यांना बोट टेकवलं. छापणाऱ्यानं मधे लाल गोळे मांडले होते आणि चार कोपऱ्यांना चार बाण, दोन लावायचे आणि दोन जास्तीचे. मी प्रत्येकाला हळद लावली. कुणावर अन्याय नको.

थोड्या वेळानं वाळलं का बघायला आंगठा दाबला. बाण आंगठ्यावर चढून आला. घाबरून दुसरा कोपरा दाबला, दुसराही आला आणि पहिल्यावर चिकटला. उरलेले दोन कागदावरच होते, पण पिवळेधमक. हळदीला पांढरं भेटलं की ती सोडते का?

आंगठा पुसायची हिंमत होईना. पुरावा म्हणा, नाहीतर आशा म्हणा. तो तसाच वर धरून मी एका हातानं मोपेड हाकत मामांच्या घरी निघालो. रस्त्यात दोन ओळखीच्यांनी मला त्यांचाही आंगठा दाखवला, वा वा म्हणून. सिग्नलवरचा पोलीससुद्धा हसला.

मामांनी माझा आंगठा धरून भिंगाखाली घेतला. भिंग कापत होतं.

"हळद?"

"हो मामा."

"कशाला?"

"शुभ म्हणून."

"मुट्टाळ," मामा म्हणाले. म्हणजे तमिळमध्ये मूर्ख. मामा तमिळमध्ये शिवी देतात तेव्हां राग थोडा असतो. मी पुढच्या, मराठीतल्या शिवीची वाट बघत उभा राहिलो. ती आलीच नाही. ते उठले, कपाटातली विमानं पुसायला लागले, सगळी, एकेक करून, माझ्याकडं पाठ करून. तेव्हां मला कळलं की मी काय करून बसलो.

दोन दिवसांनी मी मोठी युक्ती घेऊन गेलो. बायकोनं फोनवर शोधून काढलं होतं की त्या पलटणीच्या तुकड्यातुकड्यांचे बाण वेगळ्या रंगांचे होते. कुणाचा पांढरा, कुणाचा लाल, कुणाचा पिवळा.

"मामा, पिवळा बाण खरंच होता! कागदावर दोन उरलेत. लावून टाकू. देवानंच रंगवून दिले म्हणा."

"होता पिवळा," मामा म्हणाले. त्यांना आधीच माहीत होतं. "पण आप्पांनी पांढरा बघितला."

"ते गटारात पडले होते मामा. घाबरलेले. विमान एवढं जोरात गेलेलं. पांढरा काय, पिवळा काय..."

मामांनी मला हातानंच थांबवलं. "एकदा मी त्यांना सांगितलं, तुम्ही बघितलं ते बरोबर नाही. आता परत सांगू?"

तो कागद मी परत खिशात घातला.

घरी येऊन मी बायकोपुढं रडगाणं लावलं. साध्या प्रिंटरला पांढरी शाईच नसते, तो कागदाचंच पांढरं दाखवून वेळ मारून नेतो, म्हणून पांढरा बाण घरी छापता येत नाही, म्हणून छांदिष्ट लोकांना असे कागद बाहेरून मागवावे लागतात, आणि छापणारा तर बंद झाला. बायको वांगी चिरत होती.

"अहो, तुम्ही लाल पत्रिकेवर पांढरी अक्षरं छापता ना?"

"छापतो की."

"ती कशानं?"

"जाळीनं," म्हणालो आणि माझं मलाच कळलं. जाळीला काय, तिच्यातून चुनासुद्धा छापता येतो. तीस वर्षं पांढरी शाई माझ्या कपाटात आहे, आणि हे मला वांगी चिरणाऱ्या बाईनं सांगावं लागलं.

कोरा डिकॅलचा कागद मद्रासहून आला. कपांवर चित्रं छापणारे लोक तो वापरतात. स्कॅन माझ्याकडं होतंच, तेवढं एक काम मी हळदीच्या आधी केलं होतं. बाण छापला आणि मामांकडं नेला. मामा तो एका जुन्या मोडक्या पंखावर लावून बघायचे आणि कागदावर लाल पेनानं शेरा मारून परत पाठवायचे. पहिल्या वेळी मी बाण जरा सुंदर केला होता, मागं पिसं, टोकाला नक्षी. पत्रिकेचा हात, करणार काय? मामांनी शेरा लिहिला, 'हा रामाचा. जपानचा द्या.' दुसऱ्या वेळी शाई एवढी जाड की बाण पंखावर पापडासारखा उभा राहिला. तिसऱ्या वेळी पातळ केली, तर आरपार हिरवा रंग दिसायला लागला. चौथ्याचे पाण्यात टाकल्याटाकल्या सतरा तुकडे झाले, कारण वरून पारदर्शक वॉर्निश मारायचं मी विसरलो होतो. मामांचं शेऱ्यातलं अक्षर प्रत्येक वेळी थोडं आणखी वाकडं होत होतं. ते दिसायचं आणि मी दुकानात जाऊन पत्रिकांची कामं बाजूला सारायचो. एका ओरत्तनाडु गावच्या नवरीची पत्रिका उशिरा गेली. तिच्या बापानं मला फोनवर जे सांगितलं ते इथं लिहीत नाही, पण बरोबरच होतं.

शेवटी पातळ शाईचे दोन हात, मधे वाळवून, वर वॉर्निश. मामांनी तो मोडक्या पंखावर लावला, नखानं चाचपला, भिंगाखाली बघितला. शेरा काही लिहिला नाही. नुसतं म्हणाले, "उद्या दहाला ये."

दहा वाजता, कारण सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानं हात जरा ऐकायचे. मी गेलो, बायकोही आली. ओसरीवर टेबल, विमान हिरवंगार, चकचकीत, पंखांवर लाल गोळे आधीच बसलेले, शेपूट कोरं. वाटीत पाणी. मामांनी मनगटाखाली लाकडी पाट घेतला, बाण पाण्यात सोडला आणि चिमट्यानं उचलला.

चिमटा शेपटाशी पोचला आणि हात सुटला. बाण स्वतःवरच दुमडला. मामांनी तो परत पाण्यात सोडला, ब्रशच्या टोकानं उलगडत बसले. उलगडला, उचलला, परत दुमडला. तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप पुढं गेला. माझे हात स्थिर आहेत, तेवढंच माझ्याकडं आहे, एका मिनिटात लावला असता. बायकोनं टेबलाखालून माझं मनगट पकडलं, नखं रुतवून.

"गप बैसा," पुटपुटली.

मी बसलो. मामांनी चिमटा ठेवून दिला, कागदाचा तुकडाच शेपटाला टेकवला आणि ब्रशनं बाण कागदावरून शेपटावर ढकलला. कपाळाच्या कडेनं घाम गळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही, पण बाण शेपटावर आला. मामांनी ब्रश वर उचलला आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"सरळ आहे का रे?"

सरळ नव्हता. बाण तिरपाच असतो, पण किती तिरपा ते ठरलेलं असतं, आणि हा त्याहून टोकाशी खाली झुकला होता. हे मला लांबून दिसतं, तोच माझा धंदा. आणि मी धंद्यात रोज काय म्हणतो? 'परफेक्ट आहे सार, घेऊन जा.' ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. माणूस शहात्तर वर्षांचा, घाम निथळतोय, बाण बसलाय, अर्ध्या तांदळाएवढा फरक, कोण बघणार? मग वाटलं, ह्या घरात एका माणसानं खरं बघितलं होतं आणि आम्ही अस्के मिळून त्याला हसलो.

"नाही मामा," मी म्हटलं. "टोक खाली आहे."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मामांनी मान वळवली नाही.

"किती?"

"अर्धा तांदूळ."

"पाणी दे."

मी ब्रशनं पाण्याचा थेंब बाणाखाली सोडला. डिकॅल ओला असतो तोवर सरकतो. मामांनी बोटाच्या टोकानं, नुसत्या बोटानं, टोक वर ढकललं. त्यांचं बोट कापत होतं आणि त्या कापण्यानंच बाण तिळातिळानं सरकत होता. "वर," मी म्हणत होतो. "आणखी. जरा. बस. बस मामा." त्यांनी बोट उचललं. फडक्यानं पाणी टिपलं. बाण बसला होता.

दुसऱ्या बाजूचा त्यांनी जेवण करून, दुपारी लावला. तोही तसाच, वर, आणखी, बस. मी त्यांच्यापुढं एवढे थोडे शब्द आयुष्यात बोललो नव्हतो.

झाल्यावर मामांनी दोन्ही हात गुडघ्यांमधे धरले. आता ते चांगलेच हलत होते, लपवायचं काही कारणही नव्हतं. बायकोनं काप्पी आणली. मग मामाच बोलायला लागले. आप्पा मळ्यातल्या वाटेनं सायकलवर चालले होते. झाडांच्या वरून आवाज आला. त्यांनी सायकल टाकली, गटारात पडले, मान वळवून वर बघितलं. पंखांवर लाल गोळे. शेपटावर पांढरा बाण, तिरपा.

मामा थांबले.

"पुढं?" बायकोनं विचारलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. विमान गेलं की परत फिरलं, गोळ्या झाडल्या की नाही, आजोबा गटारात किती वेळ पडून होते, मळ्यावर परतल्यावर तिथं कोण उरलं होतं? शेकडो वेळा ही गोष्ट आमच्या घरात झाली असेल, आणि दर वेळी बाण आला की हसायला सुरुवात व्हायची, मी काडी खोचून पळायला लागायचो, आणि आजोबाही हसून उठून जायचे.

"पुढचं त्यांनी कधी सांगितलंच नाही," मामा म्हणाले. मग म्हणाले, "आपण सांगू दिलं नाही."

मी विमानाकडं बघत बसलो. बाण वाळत आला होता, कडा दिसेनाशा होत होत्या. मामांनी मला विचारलं, तुला काही आठवतंय का, बाणाच्या पुढचं, एखादा शब्द तरी? मी पुष्कळ आठवून बघितलं. मला फक्त माझंच घोंघावणं आठवत होतं.